केळझरचा भीम पळत का सुटला?

नागपूरहून वर्ध्याकडे निघालं आणि बुटीबोरी मागे पडली की सेलू तालुक्यात केळझर लागतं. सेलू म्हटल्यावर मराठवाड्यातल्या वाचकाला परभणीचं सेलू आठवेल, पण हे ते नव्हे. हे वर्धा जिल्ह्यातलं सेलू, कापसाचं आणि बोर धरणाच्या वाटेवरचं. केळझरच्या टेकडीवर सिद्धिविनायकाचं देऊळ आहे. विदर्भाच्या अष्टविनायकांत त्याची गणना होते. दर्शन झालं की गावातलं कुणीतरी आणखी एक गोष्ट हटकून सांगतं: ही महाभारतातली एकचक्रानगरी, आणि भीमानं बकासुराला मारलं ते इथंच. हाच दावा बंगालात बीरभूमचं एकचक्रा करतं आणि बिहारात आराही करतं. बकासुराला मरायला आपल्या देशात जागेची टंचाई कधीच नव्हती. त्या वादात मला पडायचं नाही. मला कुतूहल आहे ते याच तालुक्यातल्या पोरांच्या हातातल्या भीमाचं.

तो भीम मोबाईलमध्ये असतो. धोतर नेसलेला, गोबऱ्या गालांचा, ढोलकपूरचा. एसटीची वाट बघणारं एखादं पोरगं वडिलांचा फोन मागून घेतं आणि अंगठ्यानं त्याला डावीकडे-उजवीकडे सरकवत राहतं. भीम पळतो, वाटेतले लाडू गोळा करतो, अडथळा आला की उडी मारतो, धडकला की पडतो. मग जाहिरात लागते. ती संपली की पुन्हा पळतो. कितीही वेळ बघत बसा, मारामारीची पाळी क्वचितच येते. ज्या वीराची ख्याती खाण्यासाठी आणि मारण्यासाठी, तो आपल्या फोनमध्ये पळत का सुटला? या लेखाचा विषय एवढाच आहे, आणि त्याचं उत्तर मला वाटतं पुराणात कमी आणि हिशेबाच्या वहीत जास्त आहे.

आधी मूळ गोष्ट नीट बघू. आदिपर्वातलं बकवधाचं आख्यान एखाद्या चांगल्या गेमच्या आराखड्यासारखं बांधलेलं आहे. नगरानं राक्षसाशी करार केलेला: गाडाभर भात, दोन रेडे आणि ते घेऊन जाणारा माणूस, असा भोग पाळीपाळीनं एकेका घरानं पोचवायचा. पांडव ज्या ब्राह्मणाच्या घरी राहत होते त्याची पाळी येते. घरात रडारड सुरू होते. बाप म्हणतो मी जातो, आई म्हणते मी, मुलगी म्हणते मी. आणि मग बोबडं बोलणारं धाकटं पोर गवताची एक काडी उचलून म्हणतं, हिनं मी त्या राक्षसाला मारतो. त्या दुःखातही घरच्यांना हसू फुटतं. व्हिडिओ गेमचं पहिलं गिऱ्हाईक मला नेहमी हे काडीवालं पोरच वाटत आलंय.

पुढे कुंती भीमाला पाठवते. भीम गाडा घेऊन जातो, राक्षसाला हाक मारतो आणि त्याच्यासाठी आणलेला भात स्वतःच खात बसतो. बक येऊन पाठीत गुद्दे घालतो, भीम मागे वळूनही बघत नाही. सगळं संपवतो, हात धुतो आणि मगच उठतो. मग झाडं उपटून मारामारी, आणि शेवटी पाठीवर गुडघा रोवून राक्षसाला मोडणं. आधी खा, मार सहन कर, मग मार. खेळणाऱ्याच्या हाताला नेमकं काय काम द्यायचं ते व्यासांनी सांगून ठेवलंय.

गेम बनवणाऱ्यांची भाषा वेगळी असली तरी विचार हाच असतो. कार्टूनमधला, मालिकेतला नायक गेममध्ये आणायचा तर त्याची गोष्ट आणून भागत नाही, त्याची एक लकब आणावी लागते आणि ती बटणावर बसवावी लागते. १९८० च्या सुमारास जपानच्या निन्तेन्दो कंपनीला पॉपायचा गेम करायचा होता. हक्क मिळाले नाहीत, म्हणून शिगेरू मियामोतो या तरुण चित्रकारानं स्वतःची पात्रं रचली आणि १९८१ मध्ये ‘डाँकी काँग’ आला. त्यातला शिडीवर उड्या मारणारा सुतार म्हणजे पुढचा मारिओ. पुढच्याच वर्षी हक्क मिळाले आणि ‘पॉपाय’ही आला. त्यात पालक खाल्ला की थोडा वेळ पॉपाय दांडगट शत्रूला ठोसा मारू शकतो, एरवी त्याच्यापासून पळायचं. लाडू खाऊन ताकद येणाऱ्या भीमाचा नमुना तिथं आयता होता.

आमच्याकडे हे खेळ आले ते टीव्हीमधूनच, अगदी शब्दशः. निन्तेन्दोच्या १९८३ च्या फॅमिकॉम यंत्राच्या नकला नव्वदच्या दशकात तालुक्याच्या गावापर्यंत पोचल्या. त्यांना कुणी फॅमिकॉम म्हणत नसे, नुसतं ‘व्हिडिओ गेम’. टीव्हीला तार जोडायची, चॅनल जुळवायचं, कॅसेट खोचायची, चित्र आलं नाही तर कॅसेट काढून फुंकर मारायची आणि पुन्हा खोचायची. कॅसेटवर हजारो-लाखो गेमांचा आकडा छापलेला असे, आत तेच पाच-पन्नास वेगवेगळ्या नावांनी फिरत. आणि ऐन रंगात लाइन गेली की सगळं पहिल्यापासून, कारण खेळ जपून ठेवायची सोय बहुतेक गेममध्ये नव्हतीच.

त्या कॅसेटांमध्ये मालिकांवरचे गेम होते. ‘डकटेल्स’ ही डिस्नेची १९८७ ची मालिका आपल्याकडे दूरदर्शनवर हिंदीतून लागायची. तिच्यावरचा गेम जपानच्या कॅपकॉम कंपनीनं १९८९ मध्ये काढला. मालिकेतला कंजूष श्रीमंत अंकल स्क्रूज हातात काठी घेऊन फिरतो. कॅपकॉमच्या लोकांनी त्या काठीला पायाखाली घेतलं. उडी मारून बटण दाबून धरलं की स्क्रूज काठीवर टुणटुण उडत राहतो. शत्रूच्या डोक्यावर उडाला की शत्रू खलास, काट्यांवर उडाला तरी त्याला काही होत नाही. ॲमेझॉन, ट्रान्सिल्व्हेनिया, आफ्रिकेतल्या खाणी, हिमालय आणि चंद्र अशा पाच ठिकाणी हा म्हातारा याच एका लकबीवर फिरतो. हिमालयाच्या टप्प्यात तर खाशी गंमत आहे. मऊ बर्फावर काठी टेकली की ती रुतते आणि स्क्रूज अडकतो. म्हणजे आधी सवय लावायची आणि मग तीच सवय तुमच्यावर उलटवायची. मालिकेत कुठंही नसलेली ही गोष्ट मालिकेपेक्षाही स्क्रूजच्या स्वभावाला धरून आहे. लोभी माणूस असाच रुततो.

त्याच कंपनीचा १९९० चा ‘चिप अँड डेल’ दोघांनी मिळून खेळायचा. दोन खारी, खोकी उचलायची आणि फेकायची. पण खोकी उचलण्याच्या त्याच बटणानं आपल्या जोडीदारालाही उचलता येतं आणि फेकताही येतं. घराघरांत भावाभावांची जी भांडणं त्या बटणानं लावली त्यांची नोंद कुठल्याही ठाण्यात नाही. कोनामी कंपनीच्या ‘निंजा टर्टल्स’ मध्ये धरणाच्या पाण्याखाली आठ बॉम्ब निकामी करायचे, वेळ २ मिनिटं २० सेकंद, आणि अरुंद बोळांत विजेचं शेवाळ. बोर धरणात डुंबणाऱ्या पोरांना पोहता येत होतं, तरी त्या धरणातून कासव बाहेर काढणं भल्याभल्यांना जमलं नाही.

हे सगळे परदेशी नायक. आपले कुठं होते? बी. आर. चोप्रांचं ‘महाभारत’ २ ऑक्टोबर १९८८ पासून १९९० पर्यंत दूरदर्शनवर चाललं. त्यातला भीम म्हणजे प्रवीणकुमार सोबती, १९६६ आणि १९७० च्या आशियाई स्पर्धांत थाळीफेकीचं सुवर्णपदक मिळवलेला खराखुरा खेळाडू. १९९७ मध्ये ‘शक्तिमान’ आला आणि पोरं गिरक्या घेऊन चक्कर येईपर्यंत फिरू लागली. लकबी ढिगानं होत्या, बटणं नव्हती. तेव्हा इथं गेम बनवण्याचा धंदाच जेमतेम उभा राहत होता. मुंबईत विशाल गोंडल यांची ‘इंडियागेम्स’ आणि नितीश मित्तरसैन यांची ‘नझारा’ या कंपन्या विसाव्या शतकाच्या अखेरीस सुरू झाल्या. त्यांच्यापुढे टीव्हीला जोडायचं यंत्र नव्हतं, साधा फोन होता. सुरुवातीच्या कित्येक नोकिया फोनांत एका गेमला जेमतेम ६४ किलोबाइट जागा मिळायची, म्हणजे आजच्या एका बऱ्या फोटोपेक्षा खूप कमी. त्यात भीमाच्या मिशा बसवायच्या की गदा, हा खरा प्रश्न होता. पैसाही खेळणाऱ्याकडून थेट यायचा नाही. मोबाईल कंपनी तो बॅलन्समधून कापणार, आपला मोठा वाटा ठेवणार, उरलेला गेमवाल्याला.

‘छोटा भीम’ पोगो वाहिनीवर आला २००८ मध्ये. हैदराबादच्या राजीव चिलका यांच्या ग्रीन गोल्ड ॲनिमेशननं काढलेली ही मालिका. नाव महाभारतातलं, बाकी सगळं नवं: ढोलकपूर, चुटकी, राजू, जग्गू माकड, कालिया, टुनटुन मावशीचे लाडू. लाडू तोंडात गेला की भीमाच्या दंडात बळ येतं, आणि मग समोरच्याची खैर नाही. आधी खा, मग मार. चिलकांच्या भीमानं केळझरच्या भीमाचा नेमका तोच गुण उचलला होता.

मग नझारानं त्याच्यावर मोबाईल गेम काढले. गाड्यांच्या शर्यतीचे निघाले, राक्षसांवर नेम धरायचा एक निघाला, आणि पळण्याचे निघाले. पळण्याचाच साचा पुढे सगळीकडे दिसू लागला. २०१८ मध्ये डिस्कव्हरी किड्सवर ‘लिटल सिंघम’ आला. रोहित शेट्टींच्या सिनेमातल्या बाजीराव सिंघमची बालआवृत्ती. रिलायन्स ॲनिमेशननं ती बनवली आणि झपाक कंपनीनं तिचा गेम. ज्या सिंघमची सारी कीर्ती थोबाडीत मारण्यावर उभी, तोही त्यात मुख्यतः पळतो.

याला कारण आहे. ऑगस्ट २०११ मध्ये अमेरिकेतून ‘टेंपल रन’ आला आणि २०१२ मध्ये ‘सबवे सर्फर्स’. न संपणाऱ्या धावण्याचा साचा त्यांनी जगभर रुजवला. बनवणाऱ्याच्या बाजूनं हा साचा फार सोयीचा. टप्पे रचावे लागत नाहीत, रस्त्याचे तेच तुकडे यंत्र उलटसुलट जोडत राहतं. एका अंगठ्यानं खेळता येतो, त्यामुळे छोट्या, स्वस्त फोनवरही चालतो. नायक बदलायचा तर फक्त कातडं बदलायचं. आणि सगळ्यांत मोठं म्हणजे, हा खेळ दर दीड-दोन मिनिटांनी हरायचाच. दर हरण्याला एक जाहिरात. ‘व्हिडिओ बघा, पुन्हा जिवंत व्हा’ हे बटण म्हणजे या धंद्याचा गल्ला. आपल्याकडे मूल गेमला पैसे देत नाही, बाप देत नाही, देतो तो जाहिरातवाला, आणि त्याला हवं असतं पुन्हापुन्हा पडणारं पोर. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं, डेटा मातीमोल झाला आणि हा गल्ला सेलूसारख्या गावांपर्यंत पसरला. नझारा मार्च २०२१ मध्ये शेअर बाजारात उतरली, १,१०१ रुपयांना शेअर विकून. कंपनीवर माझा रोष नाही. मुलांचे फुकट गेम काढून कुणी टिकून राहिलं हेच थोडं नाही. पण भीम पळाला तो याच गणितानं पळवला म्हणून.

पोरांनी मात्र मारामारी सोडली नाही, ती आडवाटेनं मिळवली. २००७ मध्ये सोनीच्या हातातल्या पीएसपी यंत्रासाठी आणि इतरही यंत्रांसाठी ‘बेन १०: प्रोटेक्टर ऑफ अर्थ’ निघाला होता, कार्टून नेटवर्कवरच्या मालिकेवरचा. ते यंत्र आपल्याकडे फार थोड्यांनी पाहिलं. पण नोव्हेंबर २०१२ मध्ये हेन्रिक रिडगार्ड या प्रोग्रामरनं ‘पीपीएसएसपीपी’ हे सॉफ्टवेअर फुकट खुलं केलं. त्यानं साधा अँड्रॉइड फोन पीएसपीचं सोंग घेऊ लागला. सॉफ्टवेअर कायदेशीर, त्यात घातलेल्या गेमच्या फायली मात्र बहुतेक वेळा चोरीच्या. पूर्वी गाणी भरून मिळायची तसे हे गेम मेमरी कार्डात या फोनमधून त्या फोनमध्ये फिरले.

‘बेन १०’मध्ये बेनच्या मनगटावरचं घड्याळ फिरवलं की तो चार हातांचा दांडगा होतो, आगीचा होतो, चेंडूसारखा गडगडतो. शक्ती मोजकी, ती संपली की पुन्हा दहा वर्षांचं पोर, ऐन शत्रूच्या पुढ्यात. कोणतं रूप कधी घ्यायचं आणि कधी वाचवून ठेवायचं, सगळा खेळ यावर. काचेवर उमटलेली बटणं बोटांखाली झाकली जातात, अर्धी लढाई दिसतच नाही, तरी पोट्टे ती जिंकतात. ‘ड्रॅगन बॉल’ आणि ‘नारुतो’चे लढाईचे गेमही याच वाटेनं आले.

आपल्या मातीतली हाणामारी गेममध्ये जमतच नाही असंही नाही. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सनं २०२० मध्ये ‘राजी’ काढला. सर्कशीतली एक मुलगी, हातात दुर्गेचा त्रिशूळ, पळवून नेलेल्या धाकट्या भावाच्या शोधात. खांबाला धरून गिरकी घ्यायची आणि त्याच वेगात असुराला भोसकायचं, ही तिची लकब. २०१७ मध्ये लोकवर्गणीतून पैसे उभे करायचा त्यांचा प्रयत्न फसला होता, तरी त्यांनी गेम पुरा केला. पण ‘राजी’मागे कुठली मालिका नव्हती, आणि तो मोठ्या यंत्रांवर विकत घ्यायचा गेम होता. ज्यांच्याकडे ओळखीचा नायक त्यांच्याकडे तसा खेळ नाही, ज्यांच्याकडे खेळ त्यांच्याकडे घरोघरचा नायक नाही, अशी ही विभागणी झालेली.

केळझरच्या बकासुराचा गेम करायचाच तर मी पाठीत गुद्दे बसत असताना ताट न सोडण्याचा टप्पा सगळ्यांत अवघड ठेवीन. लढायला घाई करणारं पोर तिथंच हरेल. गाडा रिकामा होईस्तोवर दम धरणाऱ्यालाच पुढचं झाड उपटता येईल. एक बटण खायचं, एक मारायचं, बस. अडचण एकच आहे. असा बकासुर एकदा मेला की मेला. पोरगं फोन वडिलांना परत देऊन मोकळं होईल, आणि दुसऱ्या दिवशीची जाहिरात दाखवायची कुणाला?