गुण नाहीत, तरी करायचंच!

माझी भाची पुण्यात आयबी डिप्लोमा करतेय. आपली अकरावी-बारावीच म्हणा ना! त्यात सहा विषयांच्या जोडीला 'कॅस' असतं. म्हणजे कला-कल्पकता, खेळ-व्यायाम आणि सेवा. हे दीड वर्ष नेमाने करायचं, शिवाय किमान महिनाभराचा एक प्रकल्प हवाच. याला गुण एकही नाही; पण पूर्ण केलं नाही तर डिप्लोमाच मिळत नाही! पूर्वी १५० तास भरावे लागत. आता तास मोजत नाहीत. आपण काय शिकलो, ते नोंदवायचं.

अभ्यासाचा ताण बघून बहीण म्हणाली, "ताई, तिचा प्रकल्प मीच उरकून टाकू का?" भाचीने साफ नकार दिला. सोसायटीतल्या कामवाल्या मावशींना ती मोबाइलवर आलेले बँकेचे मेसेज वाचायला शिकवत होती. तिच्या वहीत लिहिलं होतं, 'आज कुणीच आलं नाही. वेळ मी माझ्या सोयीची ठेवली होती.' पुढचा वर्ग तिने मावशींना विचारून ठरवला.

ही ओळ आईला लिहिता आली असती का? मैत्रिणींनो, आपल्याकडेही शाळेचे प्रकल्प रात्र जागून आयाच करतात. वही देखणी होते, पण शिकतो आपणच! मुलांचं वाकडंतिकडं होऊ दे, पण त्यांचं त्यांना करू द्या.