गाळ पाण्यातला की कांडीतला?

सावेडी उपनगरात नळाला मुळा धरणाचं पाणी येतं आणि कित्येक सोसायट्यांत जोडीला बोअरचं. बोअरचं पाणी जड, बादल्यांवर पांढरे डाग पाडणारं. म्हणून शुद्धीकरण यंत्र विकणाऱ्यांचं प्रात्यक्षिक लगेच पटतं. दोन ग्लासांत धातूच्या कांड्या सोडून वीज दिली की बोअरचं पाणी बघता बघता तपकिरी होतं, आरओचं मात्र नितळ राहतं. विजेनं पाण्यातली घाण वर काढली, असा समज होतो. तो गाळ बहुतांशी कांडीतल्याच लोखंडाचा असतो. क्षारांमुळे बोअरच्या पाण्यातून वीज वाहते, लोखंड विरघळतं आणि त्याचा गंज होतो. आरओच्या पाण्यात चिमूटभर मीठ टाका, तेही तपकिरी होईल. टीडीएस मीटर अशी फसवणूक करत नाही, पण तोही ढोबळमानाने एकूण क्षारच सांगतो. भारतीय मानकानुसार लिटरमागे टीडीएस 500 मिलिग्रॅम चालतो आणि शिसं 0.01, म्हणजे पन्नास हजारावा हिस्सा. शिसं दसपट वाढलं तरी मीटरवरचा आकडा हलत नाही.

विजेनं प्रदूषक ओळखता येतात हे मात्र खरं. त्यासाठी स्वतः न विरघळणारा इलेक्ट्रोड हवा, म्हणून कार्बन. फिल्टरमधल्या कोळशासारखा तो पाणी शुद्ध करत नाही, फक्त मोजतो. नुसत्या कार्बनवर शिसं नीट साचत नाही, म्हणून त्यावर बिस्मथचा पातळ थर देतात. त्याआधी यासाठी वापरल्या जाणाऱ्या विषारी पाऱ्याला हा पर्याय 2000 साली पुढे आला. किंचित आम्ल केलेल्या नमुन्यात इलेक्ट्रोडला काही मिनिटं ऋण विद्युतदाब दिला की धातू थरात जमतात. मग दाब धन दिशेला नेताना कॅडमियम उणे 0.8 व्होल्टच्या आसपास सुटतं, शिसं उणे 0.5 च्या आसपास. सुटताना विजेच्या प्रवाहात उसळी येते; ती कुठल्या व्होल्टला आली यावरून धातू कळतो आणि तिच्या उंचीवरून प्रमाण.

मग साखर तपासायच्या पट्टीसारखी याची पट्टी घरोघरी का नाही? पट्ट्या छापता येतातच, अडचण पाण्याची आहे. रक्तात लिटरमागे सुमारे 1000 मिलिग्रॅम ग्लुकोज असतं. शिसं शोधायचं ते त्याच्या एक लाखाव्या हिश्शाएवढं. तेवढ्याशा खुणेला साबणाचा अंश झाकून टाकतो, तांबं जास्त असेल तर आकडा चुकतो. म्हणून नमुन्यात शिशाची माहीत असलेली मात्रा घालून उसळी किती वाढते हे पडताळावं लागतं. शिवाय शेतातल्या खतांमुळे भूजलात उतरणारं नायट्रेट या बिस्मथच्या थराला दिसत नाही. त्याला तांब्याचा थर दिलेला वेगळा इलेक्ट्रोड लागतो. आणि जंतूंसाठी तर वेगळीच तपासणी लागते.