संधीचा हिशेब कोण करणार?

परवा अकरावीतल्या लेकीला घेऊन एक बाप माझ्याकडे आला. "वकीलसाहेब, दहावीला पासष्ट टक्के आहेत. राष्ट्रीय विधी विद्यापीठ आपलं काम नाही, असं सर म्हणाले."

सरांचा हिशेब चुकला. 'क्लॅट'साठी अनुसूचित जातीला बारावीत ४० टक्के पुरतात, तेही फक्त पात्रतेपुरते. प्रवेश ठरतो तो परीक्षेच्या गुणांवर. खुल्या यादीचा शेवटचा क्रमांक पाहून आपण का घाबरावे? आपल्या प्रवर्गाचा क्रमांक पाहावा. शिवाय गुणवत्तेवर खुल्या जागेत गेलेला आपला विद्यार्थी राखीव जागेत मोजायचा नाही, हे तत्त्व इंद्रा साहनी खटल्यात १९९२ साली सर्वोच्च न्यायालयाने मान्य केले आहे.

खरी अडचण निराळी आहे. परीक्षा इंग्रजीत, २ तासांत १२० प्रश्न, तेही लांब उताऱ्यांवर. चुकल्यास पाव गुण वजा. मी मुलीला जुनी प्रश्नपत्रिका दिली, समोर घड्याळ ठेवले. उत्तरे बरोबर आली, पण निम्मा पेपर राहिला. म्हणजे कमी आहे तो वाचनाचा वेग, बुद्धी नव्हे!

वेग सरावाने वाढतो. बांधवांनो, विहारात रोज तासभर इंग्रजी वाचनवर्ग चालवायला कोणाची परवानगी लागते?