मुंगीची वाट

साखरेचा ढीग दुरून अखंड दिसतो. जवळ गेल्यावर दाणे दिसतात. वर्तमानपत्रातील छायाचित्र भिंगाखाली धरा, नुसते ठिपके दिसतील. मग ज्या अवकाशात आपण वावरतो आणि ज्या काळात जगतो, ते तरी अखंड असतील काय? की तेही दाण्यादाण्यांचेच बनलेले आहेत?

सुमारे बाराशे वर्षांपूर्वी इराकमधील बसरा शहरात या प्रश्नावर मोठा वाद रंगला. अबुल हुजैल या विद्वानांचे मत असे, की प्रत्येक वस्तू शेवटी अविभाज्य कणांची बनलेली असते. 'जुज' म्हणजे भाग, हे तुम्हांला ठाऊकच आहे. अशा कणाला 'जुज-ए-ला-यतजज्जा' म्हणत. पुढे या विचाराच्या पंडितांनी काळही सुट्या क्षणांचा मानला. अबुल हुजैल यांचे भाचे आणि शिष्य नज्जाम यांना मात्र हे पटले नाही. कोणत्याही तुकड्याचे पुन्हा दोन तुकडे करता येतात, असे ते म्हणत.

तेव्हा मुंगीचा दाखला पुढे आला. एक मुंगी चपलेच्या या टोकाकडून त्या टोकाकडे निघाली आहे. चपलेचे भाग अगणित असतील, तर ते एकेक करून ओलांडताना ती पलीकडे पोचणार कधी? नज्जाम म्हणाले, ती मधल्या काही जागांना न शिवता उडी घेते. या उडीला 'तफरा' म्हणत. मामांशी वाद घालताना भाच्याने बिचाऱ्या मुंगीला उड्या मारायला लावल्या! आजचे गणित सोपे उत्तर देते. अर्धी वाट, मग पाव, मग त्याच्या निम्मी, असे भाग संपत नाहीत. पण त्यांची बेरीज एका चपलेहून जास्त होत नाही, आणि लहान भागाला वेळही तितकाच कमी लागतो.

इब्न सीना (९८०-१०३७) यांचा कणांविरुद्धचा एक मुद्दा तुम्ही वर्गातच पडताळून पाहा. जमिनीवर १० बाय १० चौरस फरश्या मोजा. बाजूवर १० फरश्या येतात आणि कर्णावरही १०च. पण दोरीने मोजले, तर कर्ण बाजूच्या सुमारे १.४१ पट भरतो. तुम्ही म्हणाल, प्रत्येक फरशीचा कर्णही बाजूपेक्षा लांब असतोच. खरे आहे. पण ज्याचे भागच होत नाहीत, त्या कणाला निराळी बाजू आणि निराळा कर्ण कोठून असणार? जर्मन गणितज्ञ हेर्मान वाइल यांनी १९४९ साली फरश्यांचाच हा आक्षेप पुन्हा मांडला. अर्थात, अवकाशाचे कण फरश्यांसारखे रांगेतच मांडलेले असतील, असे मात्र नाही.

१८९९ साली माक्स प्लांक यांनी निसर्गातील स्थिरांकांवरून एक अतिसूक्ष्म लांबी काढली. सेंटिमीटरमध्ये ती लिहायची, तर दशांशचिन्हानंतर ३२ शून्ये देऊन मग १६ लिहावे लागतात. हाच अवकाशाचा सर्वांत लहान दाणा, असे पुष्कळदा सांगितले जाते. पण ते सिद्ध झालेले नाही. प्रोटॉनची रुंदीही या लांबीच्या १ वर २० शून्ये इतकी पट आहे. एवढे सूक्ष्म पाहणारे यंत्र कोणी बांधायचे?

म्हणून शास्त्रज्ञांनी आकाशाकडे पाहिले. अवकाश दाणेदार असेल, तर जास्त ऊर्जेचा प्रकाश किंचित मागे पडेल, असे काही सिद्धांत सांगत होते. १० मे २००९ रोजी फर्मी दुर्बिणीने सुमारे ७०० कोटी वर्षे प्रवास करून आलेला एक स्फोट टिपला. त्यातील एका प्रकाशकणाची ऊर्जा साध्या प्रकाशाच्या सुमारे हजार कोटी पट होती. तरीही तो इतर किरणांच्या मागून एका सेकंदाच्या आत पोचला. त्यामुळे असा उशीर सांगणारे काही सिद्धांत बाद झाले. ज्या सिद्धांतांत दाणे आहेत, पण प्रकाशाला उशीर होत नाही, ते मात्र अजून टिकून आहेत.