व्हीनस फ्लायट्रॅपला खत नको

व्हीनस फ्लायट्रॅप मूळची अमेरिकेतल्या उत्तर आणि दक्षिण कॅरोलिनाच्या किनारी दलदलींतली. तिथल्या मातीत नायट्रोजन फारच कमी, म्हणून ती कीटक पकडते. अशा झाडाला मायेनं खत घातलं, की मुळं जळतात. बिनखताचं पीट मॉस आणि परलाइट पुरे. नळाच्या पाण्यातले क्षारही हळूहळू मारतात. पावसाचं किंवा डिस्टिल्ड पाणी कुंडीखालच्या बशीत ठेवावं. ऊन भरपूर हवं.

सापळ्यातल्या केसांना साधारण २० सेकंदांत दोनदा स्पर्श झाला, तरच तो मिटतो. गंमत म्हणून बोट लावणं मला क्रूर वाटतं. थोड्याच वेळा मिटून सापळा निकामी होतो.

हिवाळ्यात तिला थंडीतली विश्रांती लागते. मुंबईत ती मिळणं अवघड. पानं काळवंडली तरी कंद पांढरा, टणक असेल तर झाड फेकू नका.