दाब घसरला, की सेन्सरने थाप मारली?

खोपोली मागे पडते, द्रुतगती मार्ग घाटाच्या चढाला लागतो आणि इतका वेळ सुरळीत धावणारी डिझेल मोटार एकाएकी दम सोडते. अ‍ॅक्सिलरेटर दाबूनही वेग वाढत नाही, समोरच्या पट्टीवर इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा पेटतो आणि पुढच्याच वळणावर इंजिन बंद पडते. मोटार कडेला घेऊन पाच मिनिटांनी चावी फिरवावी, तर ती काहीच घडले नसल्यासारखी सुरू होते. दुसऱ्या दिवशी गॅरेजमध्ये मेकॅनिक चार किलोमीटर फेरी मारून येतो आणि सांगतो, ‘गाडीत काही दोष नाही.’ दवाखान्याच्या पायरीवर पाऊल ठेवताच दाढ दुखायची थांबावी, तसा हा प्रकार. आठवड्याभराने दुखणे पुन्हा डोके वर काढते.

अधूनमधून उद्‌भवणाऱ्या अशा बिघाडात संशयाची सुई बहुधा एका अंगठ्याएवढ्या भागाकडे वळते, तो म्हणजे इंधनदाब मोजणारा सेन्सर. त्याच्यावर इतके अवलंबून का असते, हे समजण्यासाठी आजच्या डिझेल इंजिनाची रचना थोडक्यात पाहावी लागेल.

जुन्या डिझेल इंजिनात पंपच प्रत्येक सिलिंडरला मोजून इंधन पाठवीत असे. ‘कॉमन रेल’ पद्धतीत पंप फक्त दाब निर्माण करतो. इंधन एका जाड पोलादी नळीत, म्हणजे रेलमध्ये, साठते आणि संगणकाच्या हुकमानुसार इंजेक्टर ते सिलिंडरमध्ये फवारतात. डेन्सो कंपनीने १९९५ मध्ये ही पद्धत ट्रकसाठी बाजारात आणली. १९९७ मध्ये अल्फा रोमिओ १५६ मधून ती प्रवासी मोटारीत आली. भारतात २००७ साली आलेल्या डिझेल स्विफ्टने ती मध्यमवर्गीयांच्या दारात नेऊन उभी केली. त्या मोटारीतील १.३ लिटरचे मूळ फियाटचे इंजिन पुढे अनेक कंपन्यांच्या मोटारींत बसले. मारुतीने एप्रिल २०२० पासून डिझेल मोटारी बंद केल्या असल्या, तरी ती इंजिने आजही हजारोंच्या संख्येने रस्त्यावर आहेत आणि आता त्यांच्या वायरिंगचे वय झाले आहे.

मोटारीच्या टायरमध्ये हवेचा दाब दोन बारच्या आसपास असतो. रेलमध्ये मात्र इंजिन नुसते सुरू असतानाही सुमारे २५० ते ३०० बार, आणि चढावर पूर्ण भार पडला की त्या पिढीच्या इंजिनांत १,४०० ते १,६०० बारपर्यंत दाब असतो. सेन्सरमधील पातळ पोलादी पडदा या दाबाने किंचित वाकतो आणि त्या वाकण्याचे रूपांतर विद्युतदाबात होते. सेन्सरला तीन तारा असतात. एक पाच व्होल्टचा पुरवठा करते, दुसरी अर्थची आणि तिसरी संदेशाची. दाब शून्य असेल, तर संदेशाच्या तारेवर साधारण अर्धा व्होल्ट, आणि दाब कमाल असेल, तर साडेचार व्होल्टच्या आसपास, अशी बहुतेकांची रचना असते. इंजिनाचा संगणक, म्हणजे ईसीयू, या एका आकड्यावर विसंबून पंपाला किती दाब द्यायचा आणि इंजेक्टर किती वेळ उघडायचा हे ठरवतो.

मेख इथेच आहे. सेन्सरने दाब आहे त्यापेक्षा जास्त सांगितला, की ईसीयू पंपाचा पुरवठा आवळतो. खरा दाब कोसळतो आणि इंजिन बंद पडते. कमी सांगितला, तर तो पंपाला आणखी जोर लावायला सांगतो; इंजिन खडखडू लागते. म्हणजे खबर खोटी असली, तरी तिचा परिणाम अगदी खरा असतो. म्हणूनच ‘दाब खरोखर घसरला, मी मोजला’ एवढे मेकॅनिकचे सांगणे पुरेसे ठरत नाही. आधी काय घसरले, दाब की संदेश, हा प्रश्न उरतोच.

ईसीयूच्या स्मृतीत नोंदलेला कोड स्कॅनरवर वाचता येतो. पी ०१९० ते पी ०१९४ ही मालिका रेलच्या दाब-सेन्सरची. त्यातील शेवटचा कोड खास अधूनमधून तुटणाऱ्या संदेशाचा. कोडच्या नावात सेन्सर असल्याने अनेक गॅरेजांत सरळ नवा सेन्सर बसवला जातो, काही हजारांचे बिल होते आणि पंधरा दिवसांनी दिवा पुन्हा लागतो. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. कोड सेन्सरवर नव्हे, तर सेन्सरच्या संपूर्ण मंडलावर बोट ठेवत असतो. अर्थची तार तुटली, तरी संदेशाचा व्होल्टेज वर चढतो आणि ‘संदेश जास्त’ असा पी ०१९३ कोड नोंदला जातो. सेन्सर मात्र ठणठणीत असतो.

त्यामुळे पहिले पथ्य असे, की कोड घाईने पुसू नये आणि दिवा विझवण्यासाठी बॅटरीची तार तर मुळीच काढू नये. कोडबरोबर त्या क्षणीचा वेग, इंजिनाचे फेरे, तापमान आणि भार यांचीही नोंद राहते, ती बहुमोल असते. चालकाची आठवणही तितकीच कामाची. मोटार थंड होती की तापलेली, पाऊस होता का, खड्ड्यातून गेल्यावर घडले की चढावर, टाकीत इंधन किती होते, हे लिहून ठेवलेला कागद मेकॅनिकचा अर्धा दिवस वाचवतो.

त्यानंतरची तपासणी फुकटात होण्यासारखी आहे. रात्रभर उभ्या असलेल्या मोटारीची चावी इंजिन सुरू न करता फिरवावी आणि स्कॅनरवर दाब पाहावा. तो शून्याच्या जवळ हवा. इंजिन थंड आणि बंद असताना सेन्सर चाळीस-पन्नास बार दाखवीत असेल, तर तो किंवा त्याची अर्थ संशयास्पद ठरते.

खरी उकल होते ती स्कॅनर जोडून मोटार रस्त्यावर नेल्यावर. ईसीयूने मागितलेला दाब आणि सेन्सरने सांगितलेला दाब, असे दोन आलेख एकाखाली एक पाहायचे. चढावर मागणी वाढत जाते आणि प्रत्यक्ष दाब हळूहळू मागे पडतो, असे दिसले, तर सेन्सर बहुधा खरे बोलतो आहे. चोंदलेला फिल्टर, नळीच्या सांध्यातून शिरणारी हवा, पंपाचा झडपनियंत्रक किंवा गळके इंजेक्टर यांच्याकडे वळावे. उलट, १,००० बारवरचा आलेख एका क्षणात शून्यावर जाऊन पुढच्या क्षणी पुन्हा १,००० वर येत असेल, तर ते द्रवाचे वागणे नव्हे. पोलादी नळीतले डिझेल अशी कोलांटउडी मारू शकत नाही. इथे दोष विजेचा.

मग मोर्चा वायरिंगकडे वळवायचा. इंजिन सुरू ठेवून, फिरत्या पट्ट्यापासून हात दूर ठेवत, सेन्सरपासून ईसीयूपर्यंतचा तारांचा जुडगा वीत-वीत अंतरावर हलवून पाहायचा आणि नजर आलेखावर ठेवायची. आकडा ज्या जागी उडी मारतो, तिथे चोर आहे. तापल्यावरच रुसणाऱ्या मोटारीत केस वाळवण्याच्या यंत्राने कनेक्टर हलकेच गरम करून हीच कसोटी लावता येते. साधा मल्टिमीटर सेकंदाला मोजक्याच वेळा आकडा बदलतो, त्यामुळे क्षणभराचा तुटवडा त्याच्या नजरेतून निसटतो. ज्या गॅरेजमध्ये ऑसिलोस्कोप आहे, तिथे तो निसटत नाही.

सापडणारे दोष बहुधा क्षुल्लक दिसणारे असतात. इंजिनाच्या सततच्या थरथरीने कनेक्टरच्या आतील पिना एकमेकींवर घासतात, त्यांचा मुलामा झिजतो आणि स्पर्श सैल पडतो. पावसाळ्यात शिरलेल्या ओलीने तांब्यावर हिरवट थर चढतो. उघड्यावर उभ्या राहणाऱ्या मोटारींत उंदीर तारांचे आवरण कुरतडतात. सोसायट्यांच्या वाहनतळांवर हे दुखणे सर्वपरिचित आहे. काही वेळा तर दोष आधीच्या तपासणीचाच असतो. सुई टोचून व्होल्टेज पाहिलेल्या जागी भोक राहते आणि पुढच्या जूनमध्ये तिथूनच पाणी शिरते.

एक फसवी शक्यता आणखी आहे. पाच व्होल्टचा पुरवठा अनेक मोटारींत एकाहून अधिक सेन्सर वाटून घेतात. त्यातील एखादा दुसराच सेन्सर आतून शॉर्ट झाला, तर इंधनदाबाचा संदेशही त्याच्याबरोबर बुडतो. दोष घडत असताना ते सेन्सर एकेक करून काढत गेले, की अपराधी सापडतो.

हे सारे निर्दोष निघाले, तरच सेन्सर बदलावा. मात्र हे काम हौशी हातांचे नाही. इंजिन सुरू असताना उच्चदाबाच्या नळीचा नट सैल करणे जिवावर बेतू शकते. या दाबाची बारीक धार कातडी भेदून आत शिरते आणि जखम टाचणीएवढी दिसली, तरी तातडीने शस्त्रक्रिया करावी लागते. इंजिन बंद केल्यावरही कंपनीने सांगितलेला वेळ थांबून, स्कॅनरवर दाब उतरल्याची खात्री करूनच हात लावायचा असतो. काही मोटारींत नवा सेन्सर बसवल्यावर ईसीयूला त्याची ओळखही करून द्यावी लागते.

दुरुस्ती होईपर्यंत असा बिघाड घाटात पुन्हा गाठू शकतो, हे चालकाने गृहीत धरावे. इंजिन बंद पडताच स्टिअरिंग जड होते आणि ब्रेकला मिळणारी मदत दोन-तीन दाबांत संपते. म्हणून ब्रेक पुन्हापुन्हा न दाबता एकदाच ठामपणे दाबावा, चारही इंडिकेटर लावून मोटार डावीकडे घ्यावी आणि ती थांबेपर्यंत चावी काढू नये, कारण चावी निघाली की स्टिअरिंगला कुलूप बसू शकते. आणि गॅरेजमधून मोटार परत घेताना चाचणीची फेरी सपाट रस्त्यावर नव्हे, तर जिथे ती रुसत होती त्याच चढावर, तितकीच तापवून, स्कॅनर जोडूनच मागून घ्यावी.