बहुभाषिक शब्दकोश आणि दस्तऐवजाधारित डेटाबेस : जोडणीची पद्धती

प्रस्तावना

बडोदे संस्थानात महाराजा सयाजीराव गायकवाड (तिसरे) यांच्या कारकिर्दीत, १९३१ साली, ‘श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु’ हा राज्यकारभारातील संज्ञांचा बहुभाषिक कोश प्रसिद्ध झाला. त्यात इंग्रजी संज्ञांना गुजराती, मराठी, संस्कृत, उर्दू, फारसी, हिंदी व बंगाली प्रतिशब्द दिले आहेत. असा कोश आज महाविद्यालयाच्या भाषा विभागाने संगणकावर करावयाचा झाल्यास नोंदी टंकण्याचा प्रोग्रॅम डेटाबेसला कसा जोडावा, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

१) दस्तऐवज कशासाठी?

प्रत्येक संज्ञेला प्रत्येक भाषेत सारखेच प्रतिशब्द मिळत नाहीत. उर्दूतील ‘दरख्वास्त’ म्हणजे विनंती किंवा अर्ज. मराठी न्यायालयीन व्यवहारात मात्र ‘दरखास्त’ म्हणजे हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीसाठी केलेला अर्ज. ही टीप फक्त मराठी शब्दाला लागू आहे. ठराविक रकान्यांच्या तक्त्यात अशा टिपांमुळे एक तर असंख्य रकाने रिकामे राहतात, किंवा अनेक तक्ते एकमेकांना जोडावे लागतात. दस्तऐवजाधारित डेटाबेसमध्ये एक संज्ञा म्हणजे एक दस्तऐवज. त्यात ज्या भाषेला जितके शब्द व टिपा असतील तितक्याच लिहिल्या जातात.

२) जोडणी

अपाचे काऊचडीबी हा या प्रकारचा विनामूल्य डेटाबेस आहे. तो वेबपानांसाठी वापरल्या जाणाऱ्या एचटीटीपी पद्धतीनेच संवाद करतो. त्यामुळे प्रोग्रॅम जावा, पायथन किंवा सी-शार्प यांपैकी कशातही लिहिलेला असला तरी चालतो. प्रोग्रॅमला सर्व्हरचा पत्ता, पोर्ट क्रमांक (सामान्यतः ५९८४), वापरकर्त्याचे नाव व पासवर्ड लागतो. मग ‘गेट’ने दस्तऐवज वाचावा व ‘पुट’ने लिहावा. पासवर्ड प्रोग्रॅममध्येच लिहून ठेवू नये. प्रोग्रॅमची प्रत ज्याच्या हाती पडेल, त्याला तो शोधून काढता येतो.

३) दोन शिक्षक, एक नोंद

प्रत्येक दस्तऐवजाला आवृत्तीखूण असते. उर्दूच्या व मराठीच्या शिक्षकांनी एकच नोंद एकाच वेळी उघडली व एकाने आधी जतन केली, तर दुसऱ्याजवळची खूण जुनी ठरते. डेटाबेस त्याचे लेखन नाकारतो व ४०९ हा संकेत पाठवतो. अशा वेळी प्रोग्रॅमने नवी खूण घेऊन आंधळेपणाने पुन्हा लिहिल्यास पहिल्याचे काम पुसले जाईल. दोन्ही मजकूर समोर दाखवून निर्णय शिक्षकावर सोपवणे हाच योग्य मार्ग होय.

४) अक्षरांची शिस्त

मजकूर युनिकोडमध्येच असावा. इनपेजच्या जुन्या आवृत्त्यांतील उर्दू व जुन्या फॉन्टांतील मराठी मजकूर आधी रूपांतरित करून घ्यावा. उर्दू ‘ये’ व ‘काफ’ यांचे युनिकोड क्रमांक अरबी ‘ये’ व ‘काफ’ यांहून वेगळे आहेत. पडद्यावर शब्द सारखाच दिसला तरी शोध घेताना तो सापडत नाही. म्हणून जतन करण्यापूर्वीच प्रोग्रॅमने ही अक्षरे एकरूप करावीत.

निष्कर्ष

जोडणी स्वतः फार अवघड नाही. दस्तऐवजाधारित डेटाबेस रकान्यांची सक्ती करत नाही. म्हणून कोणती माहिती अनिवार्य, कोणती ऐच्छिक, हे विभागाने आधी लेखी ठरवावे व प्रोग्रॅमने ते तपासावे. ही शिस्त नसेल तर नोंदी वाढत जातील, पण शोधणाऱ्याच्या हाती शब्द लागणार नाही.